भंगाराच्या गोणीतील नाणी : मोह, कायदा आणि आमची जबाबदारी

नगर, भिंगार, श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव, राहाता या गावांतून भंगार, जुन्या भांड्यांची मोड, तांब्या-पितळेचे ओतकाम, कल्हई, पत्र्याच्या पेट्या असे धंदे करणाऱ्यांत आमच्या बांधवांची संख्या मोठी आहे. धातूचा भाव सकाळी एक व संध्याकाळी दुसरा असतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको. अशा माणसाच्या काट्यावर एखादा फेरीवाला जुन्या नाण्यांची पिशवी आणून ठेवतो, तेव्हा मनात पहिला हिशेब येतो तो असा की, ही नाणी चालवली तर किती मिळतील आणि वितळवली तर किती? आमचे म्हणणे एवढेच की, या हिशेबाच्या आधी दुसरा प्रश्न मनात आला पाहिजे. ही नाणी वितळवण्याचा आम्हाला अधिकार तरी आहे काय?

उत्तर स्पष्ट आहे : नाही. कायदेशीर चलन असलेले कोणतेही नाणे, मग ते ५० पैशांचे असो की २० रुपयांचे, वितळवणे हा भारतात गुन्हा आहे आणि त्यासाठी सात वर्षांपर्यंत कैद व शिवाय दंड सांगितलेला आहे. आमच्यापैकी अनेकांची समजूत अशी असते की, हा कायदा फक्त भट्टी पेटवणाऱ्यासाठी आहे. तो तेवढ्यावर थांबत नाही. ज्याच्या गोदामात वितळलेल्या नाण्याची लगड सापडली, ज्याने गरजेपेक्षा फार जास्त नाणी विकण्यासाठी साठवली, त्याच्यापर्यंतही तो जातो. म्हणून हा विषय सविस्तर मांडणे आम्हाला आवश्यक वाटले.

मोह कुठून येतो?

नाण्यावर छापलेली किंमत एक असते आणि त्यातील धातूची किंमत दुसरी असते. जोपर्यंत धातू स्वस्त आहे तोपर्यंत नाणे गल्ल्यात राहते. धातू महाग झाला की ते मुशीकडे ओढले जाते.

१९९२ पासून निघालेली पाच रुपयांची जाड नाणी अनेकांच्या घरात अजून सापडतात. त्यांत ७५ टक्के तांबे व २५ टक्के निकेल असे आणि वजन ९ ग्रॅम. एका किलोत अशी १११ नाणी बसतात, म्हणजे चलनात त्यांची किंमत ५५५ रुपये. त्याच धातूचे दोन रुपयांचे अकरा कोनी नाणे ६ ग्रॅमचे होते; किलोभर नाण्यांची दर्शनी किंमत सुमारे ३३२ रुपये. त्याआधीचे, १९८३ ते १९९१ या काळातील एक रुपयाचे नाणेही ६ ग्रॅमचेच. त्याचा किलो म्हणजे जेमतेम १६६ रुपये. आता पाऊण किलो तांबे आणि पाव किलो निकेल यांचा बाजारभाव मांडा. धातूच्या धंद्यातील माणसाला हा गुणाकार करायला कागद लागत नाही.

सरकारलाही तो गुणाकार येत होता. म्हणूनच १९९२ पासून एक रुपयाचे, २००५ पासून दोन रुपयांचे व २००७ पासून पाच रुपयांचे नाणे स्टेनलेस स्टीलमध्ये निघू लागले. त्या स्टीलमध्ये ८३ टक्के लोखंड व १७ टक्के क्रोमियम असते. निकेल नसते आणि ते चुंबकाला चिकटते. १९९२ च्या रुपयाचे वजन ४.८५ ग्रॅम, किलोला २०६ नाणी, म्हणजे २०६ रुपये. चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलच्या भंगाराला एवढा भाव कोण देणार? त्या नाण्याबाबत मोहच उरला नाही. परंतु २००९ पासून निघालेले पाच रुपयांचे पिवळे नाणे पुन्हा तांब्याचे आहे : तीन चतुर्थांश तांबे, बाकी जस्त व थोडे निकेल. त्याच्या किलोची दर्शनी किंमत सुमारे ८३० रुपये. तांब्याचा भाव चढला की ही रक्कम आणि धातूची किंमत एकमेकींच्या जवळ येतात. म्हणून हा प्रश्न जुन्या नाण्यांबरोबर संपला, असे कोणी समजू नये.

२००७ मध्ये कोलकात्याहून बातम्या आल्या होत्या की, भारतीय नाणी मोठ्या प्रमाणावर सीमेपलीकडे बांगलादेशात जात आहेत आणि तेथे ती वितळवून दाढीची पाती बनवली जात आहेत. इकडे बाजारात सुट्ट्या पैशांची टंचाई झाली. हे फक्त आपल्याकडे घडते असेही नाही. अमेरिकेचे पाच सेंटचे नाणे आपल्या जुन्या पाच रुपयांसारखेच, ७५ टक्के तांबे व २५ टक्के निकेल यांचे आहे. तांबे-निकेल महागले तेव्हा डिसेंबर २००६ मध्ये तेथील टांकसाळीने एक व पाच सेंटची नाणी वितळवण्यावर आणि देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद व दहा हजार डॉलरपर्यंत दंड.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे ही मनाई जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लोकांनी चांदीचे रुपये व तांब्याची मोड घरात दडवली, तेव्हा १९४० मध्ये गरजेपेक्षा जास्त नाणी बाळगणे गुन्हा ठरवले गेले. त्याच वर्षी रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली. १९४३ मध्ये तांबे वाचवण्यासाठी भोकाचा पैसा निघाला. पुढे १९७१ मध्ये छोट्या नाण्यांच्या गुन्ह्यांविषयी स्वतंत्र कायदा झाला. तो रुपयापेक्षा कमी किमतीच्या नाण्यांपुरता होता.

सध्याचा कायदा म्हणजे नाणे अधिनियम २०११. तो २८ मार्च २०१२ पासून लागू झाला आणि १९०६ चा नाणे कायदा व १९७१ चा तो कायदा हे दोन्ही त्याने रद्द केले. त्यातील बारावे कलम आमच्या प्रत्येक भंगार व्यापाऱ्याने, ओतारी कारागिराने समजून घ्यावे. त्याचा आशय असा :

नाणे वितळवू नये किंवा नष्ट करू नये. नाण्याचा वापर देवघेवीशिवाय दुसऱ्या कामासाठी करू नये. वितळलेले नाणे, मग ते रस असो की घट्ट लगड, ताब्यात ठेवू नये. मोडतोड केलेली नाणी बेकायदा बाळगू नयेत. दर्शनी किमतीपेक्षा वेगळ्या भावाने विकण्यासाठी अथवा वितळवण्यासाठी वाजवी गरजेपेक्षा फार जास्त नाणी साठवू नयेत.

वाजवी गरज म्हणजे किती? कायद्याने आकडा दिलेला नाही. माणसाची रोजची सुट्ट्यांची गरज, त्याच्या धंद्याचे स्वरूप, नाणी त्याच्याकडे कशी आली आणि ती कुठे व कशी ठेवली आहेत, हे पाहून ते ठरवायचे आहे. भाजीवाल्याकडे किंवा चहावाल्याकडे नाण्यांची थैली असणे स्वाभाविक आहे. तीच थैली भट्टीशेजारी तांब्याच्या ढिगात सापडली तर तिचा अर्थ वेगळा लावला जाईल. तेरावे कलम शिक्षेचे : सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

संशयाचे ओझे कोणावर?

याच बाराव्या कलमाचे दुसरे पोटकलम आम्हाला सर्वांत काळजीचे वाटते. एखाद्याकडे असा धातू सापडला की ज्यात नाण्याच्याच प्रमाणात धातूंचे मिश्रण आहे, तर उलट सिद्ध होईपर्यंत त्याने हा गुन्हा केला आहे असे गृहीत धरले जाईल, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे नेहमीप्रमाणे पोलिसांनी गुन्हा सिद्ध करायचा नाही. आपण निर्दोष आहोत हे व्यापाऱ्याने सिद्ध करायचे.

७५ टक्के तांबे व २५ टक्के निकेल हे मिश्रण मुख्यतः नाण्यांसाठीच वापरले जाते. नळ्या-पाइपांसाठी उद्योगात चालणारी तांबे-निकेलची मिश्रणे बहुतेक ९०-१० किंवा ७०-३० अशी असतात. तेव्हा ७५-२५ ची लगड कोणाकडे निघाली तर तिच्याविषयी प्रश्न विचारला जाणे रास्तच आहे. पण स्टीलचे काय? बाजारात ज्याला ४३० नंबरचे स्टील म्हणतात, त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम असते. चमचे, भांडी, मोरीचे सिंक, यंत्रांचे पत्रे यांत ते सर्रास वापरले जाते. रुपयाच्या नाण्यातील स्टील जवळजवळ तेच! कलमाचे शब्द अक्षरशः घेतले तर जुन्या चमच्यांची गोणी विकत घेणारा प्रत्येक भंगारवाला संशयित ठरू शकतो.

आम्ही असे म्हणत नाही की, पोलीस उद्या प्रत्येक गोदामात शिरणार आहेत. परंतु ज्याच्याकडे वकील नाही, वही नाही आणि ज्याचा धंदा आधीच संशयाच्या नजरेने पाहिला जातो, त्याच्यासाठी असे कलम फार जड असते. भंगाराच्या धंद्यात चोरीचा माल येतो म्हणून प्रामाणिक माणसालाही चौकीचे हेलपाटे घालावे लागतात, हे आमच्या बांधवांना नव्याने सांगण्याची गरज नाही. कायद्याचा हेतू योग्य आहे. त्याचा हा एक कोपरा मात्र फार रुंद झाला आहे. तो दुरुस्त होईपर्यंत आमचे संरक्षण आमच्या वहीतच आहे.

एकीकडे टंचाई, दुसरीकडे पूर

नाणी वितळवू नयेत हे मान्य. पण ती स्वीकारली गेली पाहिजेत, हे सांगणेही तितकेच आवश्यक आहे. आमच्याच जिल्ह्यातील शिर्डीचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. साईबाबा संस्थानच्या दानपेट्यांत भाविक मोठ्या संख्येने नाणी टाकतात. २०१९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२३ मध्ये वृत्तपत्रांत आले की, ही नाणी ठेवायला बँकांकडे जागा उरलेली नाही. २०२३ च्या बातम्यांनुसार संस्थानची खाती १३ राष्ट्रीयीकृत बँकांत होती, सुमारे ११ कोटी रुपयांची नाणी बँकांत पडून होती आणि चार बँकांनी जागेअभावी आणखी नाणी घेण्यास असमर्थता दाखवली होती. नाण्यांचे ओझे किती असते याचा अंदाज यावा म्हणून सांगतो : २०११ च्या मालिकेतील एक रुपयाचे नाणे ३.७९ ग्रॅमचे आहे. अशी एक लाख नाणी म्हणजे ३७९ किलो वजन!

एवढ्या मोठ्या संस्थेची ही अडचण असेल तर गावातील मशिदीच्या चंद्याच्या डब्याचे, दर्ग्याच्या पेटीचे, किराणा दुकानदाराचे काय होत असेल? दुकानदार चिल्लर घेऊन बँकेत जातो, खिडकीवरचा कर्मचारी मोजायला माणूस नाही म्हणतो. दुकानदार मग ग्राहकाला सांगतो की, दहाचे नाणे चालत नाही. ग्राहक तेच रिक्षावाल्याला देऊ पाहतो, तोही नाकारतो. शेवटी तीच नाणी कमी भावात कोणाच्या तरी गोणीत जातात. बँकेच्या खिडकीवर नाकारलेले नाणे भंगाराच्या काट्यापर्यंत पोहोचते ते असे.

वास्तविक नियम अगदी साफ आहेत. एक रुपया व त्यावरची नाणी एका देण्यात १,००० रुपयांपर्यंत आणि ५० पैशांची नाणी १० रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत. ही मर्यादा देणे-घेणे करणाऱ्यांसाठी आहे. बँकेत खातेदाराने किती नाणी भरावीत यावर बंधन नाही, असे रिझर्व्ह बँकेने वेळोवेळी सांगितले आहे. एक व दोन रुपयांची नाणी वजनावर घ्यावीत, प्रत्येकी शंभर नाण्यांच्या प्लास्टिक पिशव्या करून घेतल्यास सोयीचे होईल, असेही तिने बँकांना कळवले आहे. दहा रुपयांच्या नाण्याचे वेगवेगळे १४ नमुने आहेत आणि ते सर्व खरे आहेत, हे तिने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले. रुपयाचे चिन्ह असलेले खरे आणि नसलेले खोटे, ही बाजारातील समजूत निराधार आहे. आमच्या दुकानदारांनी तरी ती पसरवू नये.

चिल्लरवरील बट्टा

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. सुट्ट्यांची टंचाई असते तेव्हा काही लोक शंभर रुपयांच्या नोटेला नव्वद रुपयांची चिल्लर देतात. पूर येतो तेव्हा शंभराची चिल्लर नव्वद रुपयांना घेतात. याला बाजारात बट्टा म्हणतात आणि अनेकांना तो साधा मेहनताना वाटतो. कायद्याच्या नजरेने पाहिले तर दर्शनी किमतीपेक्षा वेगळ्या भावाने विकण्यासाठी नाणी साठवणे हे त्याच बाराव्या कलमात बसते.

शरीअतच्या नजरेने पाहिले तर मामला आणखी गंभीर आहे. एकाच देशाचे चलन एकमेकांशी बदलताना दोन्ही बाजू दर्शनी किमतीने समान असल्या पाहिजेत, कमी-जास्त केल्यास तो व्यवहार व्याजाच्या व्याख्येत जातो, असे आजच्या अनेक मान्यवर उलेमांचे मत आहे. व्याजाच्या बँकेपासून दूर राहण्याचा प्रयत्न करणारा आमचा व्यापारी चिल्लरच्या बट्ट्यात मात्र बेफिकीर राहतो, ही खेदाची गोष्ट आहे. मशिदीच्या व दर्ग्याच्या विश्वस्तांनीही पेटीतील चिल्लर दुकानदारांना द्यायची ती दर्शनी किमतीनेच द्यावी. दुकानदाराला सुट्टे मिळतात, मशिदीला नोटा मिळतात; दोघांचीही सोय होते आणि त्यात कोणाचे नुकसान नाही.

माल माझा, मर्जी माझी?

काही जण म्हणतात, मी माझे पैसे देऊन नाणे घेतले, आता ते ठेवीन की वितळवीन, सरकारला काय त्याचे? हा युक्तिवाद नवा नाही. पवित्र कुरआनात हजरत शुऐब (अ.) यांच्या कौमेचा वृत्तांत आला आहे. माप-तोलात कमी करू नका, असे त्यांनी सांगितले तेव्हा लोकांनी उलट विचारले की, आमच्या मालाचे आम्ही आमच्या मर्जीने काही करू नये काय? या आयतीच्या तफसीरमध्ये इमाम तबरी यांनी अशा रिवायती दिल्या आहेत की, ते लोक नाण्यांचे धातू कातरून घेत असत आणि हजरत शुऐब (अ.) यांनी त्यांना त्यापासूनही रोखले होते. अबू दाऊद आणि इब्न माजा यांच्या हदीससंग्रहांत एक रिवायत आहे की, मुसलमानांत चालू असलेले नाणे कारणाशिवाय मोडण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली. तिची सनद मुहद्दिसांनी कमजोर म्हटली आहे. तरी नाण्याची मोडतोड समाजाला घातक आहे, ही गोष्ट जुन्या उलेमांनी ओळखली होती, हे त्यावरून दिसते. इमाम गझाली यांनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये सोन्या-चांदीचे नाणे हे लोकांच्या देवघेवीसाठी आहे असे समजावून सांगितले आहे. ते दडवून ठेवणारा जुलूम करतो, आणि त्याची भांडी घडवणारा त्याहून मोठा जुलूम करतो, असा त्यांचा विचार आहे.

नाणे खिशात आमच्या असले तरी त्याचे काम सर्वांचे असते. २०१८ मध्ये माहितीच्या अधिकारात मुंबईच्या टांकसाळीने दिलेल्या माहितीनुसार एक रुपयाचे नाणे पाडायला १ रुपया ११ पैसे खर्च येत होता. म्हणजे एक रुपयाचे प्रत्येक नाणे जनतेच्या पैशातून तोटा सोसून पाडले जाते. ते वितळवून चार पैसे मिळवणारा तो तोटा सर्वांच्या माथी मारतो. आणि टंचाईचा चटका कोणाला बसतो? मोठ्या व्यापाऱ्याला नव्हे. पाच रुपयांची कोथिंबीर विकणारी बाई, सुट्ट्यांसाठी भांडण ऐकणारा एसटीचा कंडक्टर, परत पैशांऐवजी हातात गोळी घेऊन घरी जाणारे मूल, यांना तो बसतो. त्यांच्या हातून गेलेल्या पैशात बरकत कशी असेल?

बंद झालेली व पुरातन नाणी

आता जी नाणी चलनात नाहीत त्यांचे काय, असा प्रश्न सराफ व मोडवाले विचारतील. २०११ च्या कायद्यात नाणे म्हणजे कायदेशीर चलन असलेले नाणे, अशी व्याख्या आहे. राणीचे व राजाचे चांदीचे रुपये १९४० च्या दशकातच चलनातून काढले गेले. २५ पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलन राहिलेली नाहीत. त्यामुळे व्याख्येच्या शब्दांप्रमाणे ती या मनाईत येत नाहीत. पण येथेही सावध असावे. १९८८ पासूनचे २५ पैशांचे स्टीलचे नाणे ज्या धातूचे, त्याच धातूचा चालू रुपया. दोन्ही वितळल्यावर वेगळे ओळखू येत नाहीत आणि वर सांगितलेले गृहीतक लागू होऊ शकते. अशी नाणी कोणी आणलीच तर ती वितळवू नयेत, नाण्यांच्या रूपातच वेगळी ठेवावीत, खरेदीची नोंद करावी आणि पुढचे पाऊल वकिलाच्या सल्ल्यानेच टाकावे.

दुसरी गोष्ट आमच्या जिल्ह्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. नगर ही निजामशाहीची राजधानी. मलिक अहमदने वसवलेल्या या शहराच्या टांकसाळीत तांब्याचे फलूस पाडले जात. जुन्या गढीत, शेतात, पायाच्या खोदकामात अशी नाणी निघाली तर मजूर ती तांब्याच्या भावाने विकायला आणू शकतो. असे नाणे वितळवणे म्हणजे स्वतःचा इतिहास स्वतःच्या हाताने जाळणे आहे. कायद्यानेही ते चालत नाही. १८७८ च्या भूमिगत धनाच्या कायद्यानुसार जमिनीत दडलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. कळवणाऱ्याचे नुकसान होत नाही : मूळ मालक पुढे आला नाही तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से व जमीनमालकाला एक हिस्सा मिळतो, आणि सरकारला ते धन हवे असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा द्यावे लागतात. लपवणाऱ्याचा मात्र हिस्सा बुडतो आणि वर शिक्षा होते. शिवाय १०० वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते व परवान्याशिवाय पुरावस्तूंचा व्यापार करता येत नाही. आपल्या शहरात ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. असे नाणे समोर आले तर मुशीत टाकण्याआधी तेथे दाखवावे.

आमच्या बांधवांनी काय करावे?

पहिले, भंगाराच्या मालात नाणी दिसली तर ती त्याच वेळी वेगळी काढावीत, दर्शनी किमतीने मोजावीत आणि बँकेत भरावीत किंवा बाजारात चालवावीत. किलोच्या भावाने नाणी घेऊ नयेत आणि देऊ नयेत.

दुसरे, कोणी तयार लगड आणून दिली आणि ती तांबे-निकेलची वाटली, तर तिचा उगम विचारावा. उत्तर समाधानकारक नसेल तर माल परत करावा. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली अशी लगड सात वर्षांची महागाई घेऊन येते.

तिसरे, वही ठेवावी. तारीख, विकणाऱ्याचे नाव व पत्ता, मालाचे वर्णन, वजन, भाव हे सर्व लिहावे. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने नोंदणी नसलेल्याकडून धातूचे भंगार घेतले तर जीएसटी खरेदीदारानेच भरायचा आहे आणि त्यासाठी स्वतः पावती करायची आहे. अनेकांना हा त्रास वाटला. पण उद्या कोणी ४३० नंबरच्या स्टीलबद्दल विचारले तर हीच पावती आमच्या बाजूने बोलेल. माणसाने देणे-घेणे लिहून ठेवावे, ही शिकवण आम्हाला कुरआनाने फार पूर्वी दिलेली आहे.

चौथे, कारागिरांनी चालू नाण्यांना भोके पाडून वॉशर, लटकन, बटणे करू नयेत. काम छोटे दिसते, पण देवघेवीशिवाय नाण्याचा वापर कायद्याला मंजूर नाही.

पाचवे, बँकेने नाणी नाकारली तर लेखी तक्रार द्यावी, तिची पोच घ्यावी आणि उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्यासाठी फी लागत नाही. एकट्याने जाण्यापेक्षा बाजारपेठेतील दहा दुकानदारांनी मिळून अर्ज दिला तर तो लवकर वाचला जातो.

सरकारने काय करावे?

आमच्या दोन मागण्या आहेत. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेने प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी ठरावीक दिवशी नाणी स्वीकारण्याची व वाटण्याची व्यवस्था करावी. शिर्डीत नाण्यांचा ढीग आणि पंचवीस-तीस कोसांवर दुकानदार सुट्ट्यांसाठी हैराण, अशी स्थिती असेल तर दोष नाण्यांचा नाही, वाटपाचा आहे. आणि केंद्राच्या अर्थखात्याने बाराव्या कलमातील गृहीतकाबाबत खुलासा करावा की, भांडी व यंत्रांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या धातूमुळे, नाण्याचा दुसरा कोणताही पुरावा नसताना, कोणालाही आरोपी मानले जाणार नाही. नाणे वितळवणाऱ्याला जरूर शिक्षा व्हावी. चमचे विकत घेणाऱ्याला भीती नको.

मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. तोपर्यंत आमच्या हातात आमचा काटा आणि आमची वही आहे. भंगाराचा धंदा हा टाकून दिलेल्या वस्तूला पुन्हा उपयोगी बनवण्याचा हलाल आणि इज्जतीचा धंदा आहे. चालू नाणे मात्र टाकून दिलेली वस्तू नाही. ते वेगळे काढा, मोजा आणि बाजारात परत पाठवा.